लाल सायकलचा सांधा

"खटका ऐकू आल्याशिवाय तिच्यावर बसू नका, मॅडम."

निघताना एवढंच बोलला होता तो. सात-आठ शब्द. पण विभावरीनं ते कानामागं टाकले. त्या दिवशी तिला कोणीही काहीही सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. सकाळपासून ती धुमसत होती.

सकाळी नागपूरहून आईचा फोन आला होता. "संक्रांतीपर्यंत वाट पाहते मी. तोवर तुझं जमलं नाही तर इंदूला इकडं घेऊन येते. पोरगी रोज संध्याकाळी लोकांच्या ओट्यावर बसून राहते, बरं दिसत नाही ते."

बरं दिसत नाही! जसं काही विभावरीनं हौसेनं बसवलं होतं तिला तिथं.

महाराजपूरच्या घरून अधारताल स्टेशन, तिथून कटनीकडे जाणारी सकाळची शटल, सिहोऱ्याला उतरायचं, आणि पुढं पाच किलोमीटरवरच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवायचं. गाडीचा काही त्रास नव्हता. जीव खात होते ते पाच किलोमीटर. ऑटोवाला दहा माणसं भरल्याशिवाय हलायचा नाही. त्यात परतीची पाचची शटल डोळ्यांदेखत निघून जायची, आणि पुढची गाडी दीड तासानं. चार वर्षांची इंदू तेवढा वेळ शेजारच्या भानुमतीकाकूंच्या ओट्यावर, चपला घालून, दप्तर पाठीला लावून... वाट बघत.

स्कूटी घे, असं सगळे सांगायचे. इंदूचे बाबा दोन वर्षांपूर्वी सिहोऱ्याकडच्या हायवेवर मोटरसायकलसकट ट्रकखाली गेले होते, हे सगळे विसरायचे. ती नाही विसरायची.

म्हणून घडीची सायकल. गाडीत घडी घालून न्यायची, सिहोऱ्याला उघडायची आणि गावातल्या रस्त्यानं निघायचं. तीन रात्री जागून तिनं माहिती वाचली होती, कागदावर रकाने आखले होते, आणि त्या रविवारी इंदूचं बोट धरून ती दुकानात उभी होती. समोर तीन सायकली. काळी मोठ्या चाकांची होती. घडी घातली तरी खाटेएवढी जागा अडवणारी. करडी चौदा किलोची, जाडजूड. आणि लाल... अकरा किलो, दहा सेकंदात घडी. इंदूनं तर लाल सायकलची घंटी धरूनच ठेवली होती.

"मॅडम, लाल नका घेऊ."

विभावरी वळली. एक माणूस उकिडवा बसून ब्रेकचे रबर निवडत होता. तिशी ओलांडलेला, नखांत ग्रीस, कपाळावर विस्कटलेले केस.

"तुम्ही दुकानातले आहात?"

"नाही जी."

"मग काहून बोलून राहिले?"

"सांधा हलून राहिला तिचा. जिथं घडी पडते ना, तिथं. हात लावू का? एका मिनिटात दाखवतो—"

"नाही."

त्यानं हात मागं घेतला. पण गप्प बसेल तर ना! "करडी घ्या. दिसते म्हशीसारखी, पण सांधा पक्का आहे. आणि ट्यूब सिहोऱ्यात कुठंही मिळते तिची."

"मी सिहोऱ्याला जाते हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. दुकानदाराला तीनदा सांगून झालं आत्ता. रस्त्यापलीकडच्या पानवाल्यालाही माहीत झालं असेल."

तिचे कान गरम झाले. "चौदा किलो आहे ती. वर डबा, माझी बॅग. गाडीत कोण चढवणार?"

"मी चढवीन की."

"बायकोला चढवून द्या तुमच्या."

"बायको नाही."

"नवल नाही!"

दुकानदार खो खो हसला. तो माणूसही हसला, अगदी मनापासून, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. तिनं लाल सायकल घेतली. सांधा कसा आहे ते बघून नाही. त्याच्या नाकावर टिच्चून घेतली. निघताना पाठीमागून ते शब्द आले. खटका ऐकू आल्याशिवाय... तिनं मानसुद्धा वळवली नाही.

सोमवारी अधारतालच्या फलाटावर तोच उभा!

सायकल असल्यामुळं तिला बायकांचा डबा सोडून शेवटच्या डब्याकडं यावं लागलं होतं, जिथं दूधवाले कॅन चढवतात. दाराशी तो, खांद्याला खाकी पिशवी.

"पाठलाग करून राहिले काय माझा?"

"अकरा वर्षांपासून ह्याच डब्यात चढतो, मॅडम. पाठलाग असलाच तर तुमच्याकडून आहे."

तो मुरलीधर ढोमणे. रेल्वेत सिग्नल मेंटेनर, ड्यूटी सिहोऱ्याला. ही ओळख तिला त्यानं नाही, विनीतानं करून दिली. विनीता सिहोऱ्याच्या दवाखान्यात नर्स, रोजची अप-डाउन करणारी, आणि डब्यातल्या प्रत्येकाची कुंडली तिला पाठ. "वडील रामराव, लष्करी गाड्यांच्या फॅक्टरीतून रिटायर. दोघंच घरात, तुमच्याच महाराजपूरला. माणूस चांगला आहे हो, पण कुठली वस्तू नुसती वापरणार नाही. आधी हलवून बघणार."

खरंच होतं ते. तो बोलायचा विभावरीशी आणि बघायचा सायकलच्या सांध्याकडं. आठवडाभरानं तिला ह्याचा राग येऊ लागला. मग आपल्याला ह्याचा राग काहून येतो, ह्याचाही राग आला.

सिहोऱ्याला उतरलं की ती सायकल उघडायची, लॉकची दांडी दाबायची. तो वीस पावलांवर, रूळ ओलांडायच्या जागी, मान तिरकी करून उभा राहायचा. खट्. आवाज आला की हात वर करायचा, जसा गार्ड झेंडा दाखवतो तसा. मग ती निघायची. पहिले काही दिवस ती मुद्दाम दुसरीकडं बघत निघाली. नंतर... नंतर तो हात वर होईपर्यंत तिचा पाय पायडलवर तसाच थांबू लागला.

डिसेंबरात मटार आला. संध्याकाळची शटल मटाराच्या पोत्यांनी भरून जायची. डबाभर हिरवा, गोडूस वास. मुरलीधर पावशेर-अर्धा किलो घ्यायचा आणि दोघं समोरासमोर बसून शेंगा सोलायची. दाणे तिच्या डब्यात, टरफलं त्याच्या रुमालात.

"तुम्ही रागावल्या की शेंगा जास्त लवकर सोलता," तो म्हणायचा.

"मग तुमची चांदीच आहे."

"म्हणूनच तर रोज काहीतरी बोलतो."

पाचची शटल आता चुकत नव्हती. सहाच्या आत इंदू तिच्या कमरेला मिठी मारायची. आईला फोनवर ती ठसक्यात सांगायची, "जमतं आहे माझं." आई म्हणायची, "संक्रांतीला येतेच आहे. डोळ्यांनी बघते."

जानेवारीच्या सुरवातीला सायकल कुरकुरायला लागली. दर पायडलला कर्र... कर्र... शाळेतली पोरं नक्कल करायची. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "अरे मैडम, इतना तो चलता है." मुरलीधरला विचारायचं? छे! तो "मी म्हणालो होतो" असं तोंडानं म्हणाला नसता, पण त्याच्या भुवया म्हणाल्या असत्या.

"जुन्या ट्यूबची पट्टी कापून सांध्यात घाल," विनीतानं तोड काढली. "आमच्या घरच्या दाराला तेच केलं आहे. चूं नाही करत."

रविवारी विभावरीनं पट्टी कापली, सांध्यात सरकवली, जोर लावून दांडी दाबली. कुरकुर एकदम बंद. ती स्वतःवर खूश झाली.

सोमवारी सिहोऱ्याला तिनं सायकल उघडली, दांडी दाबली. मुरलीधरचा हात वर गेला नाही.

"खटका नाही आला."

"कुरकुर गेली. तेच तर पाहिजे होतं मला."

"आवाज जाणं वेगळं, मॅडम, आणि लॉक बसणं वेगळं. काय केलं तुम्ही? बघू—"

"अहो सिग्नलवाले, जगातल्या प्रत्येक वस्तूत तुम्हाला बिघाडच दिसतो काय?"

"प्रत्येक नाही..." तो थांबला. पहिल्यांदाच त्याची नजर सांध्यावरून उठून सरळ तिच्या तोंडावर आली. "एक आहे... तिच्यात नाही दिसत."

गर्दी त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती. तिला काहीतरी झणझणीत बोलायचं होतं. त्याऐवजी तिनं सायकलवर टांग टाकली आणि निघाली. मागून "थांबा, ऐका तरी" ऐकू आलं, तशी अजून जोरात. पाच किलोमीटर तिला रस्ता दिसलाच नाही. सांधा बघायचं तर राहूनच गेलं.

संध्याकाळी मावठ्याचा शिडकावा झाला. स्टेशन दिसू लागलं, शटलचा भोंगाही ऐकू आला, आणि उतारावर तिनं ब्रेक दाबला. पुढचं चाक थांबलं. मागचं थांबलं नाही. सायकल मधोमध दुमडली, पुस्तक मिटावं तशी, आणि विभावरी ओल्या खडीवर हनुवटीवर आपटली.

डोळे उघडले तेव्हा गुडघा फाटलेला, मोबाइलची काच चक्काचूर. समोरून पाचची शटल निघून चालली होती.

इंदू!

सोमवार. सोमवारी भानुमतीकाकू साडेसहाला ग्वारीघाटला नर्मदेच्या आरतीला निघतात, घराला कुलूप लावून.

ती दिसली नाही म्हणून गाडी सोडून थांबलेला मुरलीधर धावत आला तेव्हा ती लंगडत लंगडत फलाटाच्या टोकाशी पोचली होती.

"गाडी थांबवता नाही आली तुम्हाला?" ती ओरडली. "सिग्नलवाले आहात ना? काय उपयोग तुमचा?"

"गाडी थांबवणं माझ्या हातात नाही. आणि असतं तरी—"

"तरी नसती थांबवली! माहीत आहे! माझी पोरगी तिथं कुलूप लावलेल्या घरासमोर बसेल, आणि तुम्ही मला नियम सांगा!"

"काकूंचा नंबर सांगा."

तिनं सांगितला. त्यानं आधी काकूंना फोन लावला, मग वडिलांना. "बाबा, दोन गल्ल्या सोडून भानुमतीकाकूंकडं जा. आत्ताच्या आत्ता."

"थांबा!" विभावरीनं फोन हिसकावला. "मी तुमच्या बाबांना ओळखत नाही. इंदू कोणाबरोबर कुठं जाणार नाही. ओट्यावरच बसायचं. दिव्याखाली. आणि दर दहा मिनिटांनी मला तिचा आवाज ऐकवायचा."

पलीकडून रामराव शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे, बेटा. मीही असंच म्हणालो असतो." ते ओट्याशी पोचले तशा काकू मागून ओरडल्या, "अगं, तीस वर्षं ओळखते मी ह्या म्हाताऱ्याला! पण बरं, नाही जात मी आरतीला. नर्मदामाई काही रागावत नाही."

मग दर दहा मिनिटांनी इंदू. "आई, आजोबांना गिनती येत नाही. त्रेपन्ननंतर विसरतात." "आई, आजोबांच्या खिशात शेंगदाणे आहेत." तिसऱ्या फोनला ती एवढंच म्हणाली, "आई, आत्ता नको ना. आम्ही खेळून राहिलो."

विभावरी बाकावर बसली. आता कुठं गुडघा दुखू लागला. मुरलीधरनं पाण्याची बाटली तिच्याकडं सरकवली, चहा आणला, आणि मग सायकल समोर ओढून सांध्यातून ती ट्यूबची पट्टी बाहेर काढली.  तो रागावलेला तिनं कधी पाहिला नव्हता. आज पाहिला.

"ही तुम्ही घातली?"

"कुरकुरत होती."

"कुरकुरत होती म्हणजे सांगत होती ना ती! तोंड दाबलं तुम्ही तिचं!" त्यानं खिशातून एक पोलादी पट्टी काढली, बोटाएवढी. "ही बघा. पाच मिलीमीटर. जिथं रूळ दोन वाटांना फुटतात तिथं मध्ये ही ठेवून आम्ही रूळ सरकवायचं मशीन चालवून बघतो. पट्टी आत असताना लॉक नाही पडलं पाहिजे. पडलं, तर मशीन बाद. कारण आत अडथळा आहे, आणि वरून बंद झाल्याचं दाखवून राहिलं... त्याच्यावर विश्वास ठेवून गाडी येते, मॅडम. भरलेली गाडी."

त्यानं पोलादी पट्टी बाकावर आपटली. "आज हनुवटीवर निभावलं. उतारावर मागून ट्रॅक्टर असता तर? तुम्ही दोन वर्षांपूर्वी काय पाहिलं ते माहीत आहे मला. तरी तुम्ही... नुसतं माझं ऐकायचं नाही म्हणून!"

"हो! तुमचं ऐकायचं नाही म्हणूनच!" तिला रडू फुटलं. "सगळे सांगतात मला. आई सांगते, शाळा सांगते, दुकानदार सांगतो. मी ठीक आहे, मी ठीक आहे, असं म्हणून म्हणून थकले मी! कोणी एकजण विचारतो का, की—"

"ठीक नाही तुम्ही," तो हळूच म्हणाला. "म्हणूनच तर रोज कान लावून उभा राहतो."

पावसाचे चार थेंब पत्र्यावर वाजले. ती चहाच्या कपाकडं बघत म्हणाली, "सायकलबद्दल बोलून राहिले ना?"

"...अर्धं."

पुढची गाडी आली. सायकल त्यानं एका हातानं उचलून डब्यात ठेवली, आणि दुसरा हात तिच्यासमोर धरला. तिनं धरला तो. रागातच धरला, पण अधारतालपर्यंत सोडला नाही.

रविवारी ती पुन्हा दुकानात गेली. ह्या वेळी पोलादी पट्टी तिच्या हातात होती आणि मुरलीधर दाराशी, हाताची घडी घालून, मुकाट. तिनं लाल सायकलच्या सांध्यात पट्टी ठेवून दांडी दाबली. लोण्यासारखी बसली. करडीच्या सांध्यात ठेवली, सगळा जोर लावला. दांडी अडली ती अडलीच. पट्टी काढली आणि पुन्हा दाबली. खट्! असा आवाज, की इंदूनं टाळी वाजवली.

"ही म्हैस द्या मला," विभावरी म्हणाली. "ती लाल परत घ्या. आणि कोणाला विकायची नाही. सांधा कापून भंगारात टाका."

"जी मैडम, बिल्कुल."

संक्रांतीच्या तीन दिवस आधी आई नागपूरहून आली ती इंदूची बॅग भरायच्या तयारीनं. दोन दिवस ती दाराशी घड्याळाकडं बघत बसली. पावणेसहाला रोज चौदा किलोची सायकल खांद्यावर घेतलेला एक माणूस आणि त्याच्याशी तावातावानं भांडणारी आपली मुलगी गल्लीत शिरताना तिनं पाहिली. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "हा कोण गं?"

"भांडणारा आहे एक."

आईनं लेकीच्या तोंडाकडं नीट बघितलं. मग उठून इंदूचे कपडे बॅगेतून काढून पुन्हा कपाटात लावले.

संक्रांतीच्या सकाळी विभावरीनं फलाटावर मुरलीधरसमोर तिळगुळाची पुडी धरली. "घ्या. पुढचं वाक्य मी म्हणणार नाही."

"नकाच म्हणू," तो म्हणाला. "गोड बोलायला लागल्या तर मला वाटेल, आत काहीतरी अडकलं आहे."

"लग्न केलं तरी अशीच बोलणार मी."

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. शटल फलाटाला लागली, दूधवाल्यांचे कॅन आदळू लागले, आणि त्या सगळ्या गोंगाटात मुरलीधर ढोमणेनं मान तिरकी केली, क्षणभर ऐकल्यासारखं केलं... आणि हात वर केला.

मे महिन्यात लग्न झालं. रामरावांना आता शंभरपर्यंत गिनती येते.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. पण लग्नानंतर पंधरा दिवसांनी इंदूसाठी छोटी सायकल बघायला तिघं त्याच दुकानात गेली, आणि विभावरीनं सहज विचारलं, "त्या लालचं काय केलं?"

"वो? वो तो बिक गई. नीला पेंट मार दिया था, एकदम नई लग रही थी."

"कोणाला?"

"कोई लड़की थी. अप-डाउन वाली. नाम-वाम कौन लिखता है, मैडम."

त्या दिवशी विभावरी जे बोलली ते पानवाल्यापर्यंत ऐकू गेलं. मुरलीधरनं तिला आवरलं नाही. उलट तिचा श्वास संपला तिथून पुढं तोच बोलला. मग दोघांनी महिनाभर गाड्या पालथ्या घातल्या. कटनीकडच्या, नरसिंगपूरकडच्या. शेवटचे डबे, सायकल स्टँड, सगळं बघून झालं. विनीतानं अप-डाउनवाल्या सगळ्यांना सांगून ठेवलं. ती मुलगी सापडली नाही. विभावरीचा पाय अजून उतारावर आपोआप आखडतो, आणि दर वेळी तिला तीच आठवते, जिचं नावसुद्धा तिला माहीत नाही.

म्हणून तुम्हाला सांगायचं. तुमच्या गाडीत एखादी निळी, घडीची सायकल घेऊन चढणारी मुलगी दिसली, आणि सांध्यापाशी निळ्याखालून लाल रंग डोकावत असला, तर तिला थांबवा. ती घाईत असेल. "तुम्हाला कोणी विचारलं?" म्हणेल, रागावेल, तोंड फिरवून निघेल. निघू देऊ नका. दांडी दाबायला लावा आणि कान द्या. आणि सायकल बघून झाली की तिलाही जरा विचारा, ती ठीक आहे का. पहिल्यांदा "हो" म्हणेल ती. तिथंच उभे राहा, आणि पुन्हा विचारा.